तीन हाका

तो लघुपट मी फोनवर पाहिला, हे आधी सांगायला हवं. मोठ्या पडद्यावर पाहिला असता तर तो इतका आत उतरला असता का, शंका आहे. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. घरातले झोपले होते. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून, कुणाची झोपमोड नको म्हणून आवाज अगदी बारीक ठेवून बघत होते. पडद्यावर कुठेतरी फोन वाजायला लागला, आणि तो आवाज येत होता माझ्याच तळहातातून. माझा अंगठा आपसूक सरकला, जिथे फोन उचलायची हिरवी खूण असते तिथे. तिथे खूण नव्हती. एक जपानी शाळकरी मुलगा होता, आणि तोही माझ्यासारखाच आवाजाचा माग काढत होता.

लघुपटाचं नाव म्हणजे एक आकडा आहे: ४४४४४४४४४४. दहा वेळा चार. १९९८ सालचा, जेमतेम तीन-चार मिनिटांचा. गोष्ट सांगायला घेतली तर चार वाक्यांत संपते. सायकलवाल्या मुलाला टाकून दिलेल्या सामानात एक मोबाइल वाजताना सापडतो. पडद्यावर नंबर असतो तो हाच, सगळे चार. तो फोन उचलतो, तर पलीकडून कुणी बोलत नाही, मांजर ओरडल्याचा आवाज येतो. कुणीतरी आपल्याला बघतंय, असं त्याला वाटायला लागतं, आणि शेवटी त्याची नजर वळते तर एक पांढराफटक लहान मुलगा त्याच्या शेजारीच बसलेला असतो. तो मुलगा तोंड उघडतो. त्या तोंडातून मांजराचा आवाज येतो.

बस, एवढंच. रक्त नाही, पाठलाग नाही, काळोखही नाही. चक्क दिवसाचा उजेड आहे. तरीही मी उठून स्वयंपाकघराचा मोठा दिवा लावला आणि पाणी प्यायले. मग परत बसून तोच लघुपट दुसऱ्यांदा पाहिला, कारण नक्की कशाची भीती वाटली ते मला कळून घ्यायचं होतं. भुताची म्हणावी तर भूत शेवटच्या काही क्षणांतच दिसतं. भीती त्याच्या आधीच सुरू झालेली होती, तो मुलगा वाकून फोन उचलतो तेव्हाच. मनात आलं, अरे, तुझा नाहीये तो. कशाला ओ देतोस?

हा ‘ओ’ शब्द डोक्यात कुठून आला, ते सांगते. पण त्याआधी लघुपटाबद्दल थोडं, कारण ज्यांनी तो केला त्यांनी एवढ्याशा जागेत किती विचार भरला आहे ते बघण्यासारखं आहे.

दिग्दर्शक ताकाशी शिमिझू. तेव्हा सव्वीस वर्षांचे, तोक्योच्या एका चित्रपटशाळेत शिकणारे. तिथे त्यांना शिकवणारे कियोशी कुरोसावा, म्हणजे भयपटांमधलं जपानमधलं फार मोठं नाव. कान्साई टेलिव्हिजनसाठी शाळेतल्या भुताखेतांच्या गोष्टींचा एक कार्यक्रम तयार होत होता. कुरोसावांनी या विद्यार्थ्याचं नाव पुढे केलं आणि शिमिझूंना दोन छोटे तुकडे मिळाले. एक शाळेतल्या सशांच्या खुराड्याजवळ घडणारा आणि दुसरा हा फोनचा. पुढे ज्या ‘जू-ऑन’ चित्रपटांनी शिमिझूंना जगभर नाव दिलं, ज्यातल्या एकाची त्यांनी स्वतःच २००४ मध्ये हॉलिवूडसाठी इंग्रजी आवृत्ती केली, त्या सगळ्या पसाऱ्याचं बीज या दोन तुकड्यांत आहे. पुढच्या चित्रपटांत आपल्याला कळतं की तो पांढरा मुलगा म्हणजे तोशिओ, त्याच्या बापानं त्याला, त्याच्या आईला आणि घरातल्या मांजरालाही मारलं, म्हणून त्याच्या गळ्यात मांजराचा आवाज. पण १९९८ च्या त्या रात्री टीव्हीसमोर बसलेल्या माणसांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्यासाठी ते कारण नसलेलं होतं. मला वाटतं, म्हणूनच हा छोटा तुकडा मोठ्या चित्रपटांपेक्षा जास्त भिववतो. कारण समजलं की भुताची कीव येऊ शकते, आणि कीव आली की भीतीचा काटा बोथट होतो.

नंबरही उगीच नाही. जपानीत चारचा एक उच्चार ‘शी’ आणि मृत्यूलाही ‘शी’. त्यामुळे तिथे पुष्कळ इस्पितळांत चार नंबरची खोली नसते, भेट देताना चार वस्तू देत नाहीत. दहा चार म्हणजे दहा वेळा मरण, एका ओळीत. पण मला त्याहून हलवून गेलेली गोष्ट वेगळीच आहे. १९९८ मध्ये जपानचे मोबाइल नंबर दहा आकडीच होते. १ जानेवारी १९९९ पासून ते अकरा आकडी झाले. म्हणजे लघुपट दाखवला गेला तेव्हा तो नंबर निदान लांबीनं तरी खऱ्या नंबरासारखा होता, एखाद्या जिवंत माणसाच्या खिशात असावा तसा. नंतरच्या प्रेक्षकाला तो जुना, बंद पडलेला नंबर वाटणार. आपले नंबर अजूनही दहा आकडी आहेत, हे मला त्या रात्री फार टोचलं.

आता ‘ओ’.

माझं लहानपण देवरुखजवळच्या एका वाडीत गेलं. घरामागे पाणंद, तिच्यापलीकडे कातळ, कातळाच्या टोकाला एक जुना आंबा. तिन्हीसांजेनंतर त्या बाजूनं कुणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही, हा घरातला कायदा होता. आजी म्हणायची, “तीन हाका झाल्याबगार ओ देव नको. तिसरी हाक येवंदे.” का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. माणूस तीनदा हाक मारतो. जे माणूस नाही, त्याला तिसरी हाक मारता येत नाही. ओ दिलीस की तू त्याची झालीस, मग ते तुला रानोमाळ फिरवणार. चकवा लागलेल्या माणसांच्या गोष्टी आम्ही खूप ऐकल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्यांची सुरुवात एका हाकेनंच व्हायची. आवाज ओळखीचा, मामाचा किंवा शेजारच्या काकीचा. माणूस ओ देतो, उठतो, आवाजाच्या मागे जातो, आणि सकाळी कुठल्यातरी घळीत सापडतो.

ही समजूत कोकणातच नाही, घाटावरही आहे. मैत्रिणींच्या आज्या हेच सांगायच्या. लहानपणी मला तो निव्वळ भुताचा धाक वाटायचा. आता वाटतं, तो एक फार शहाणा नियम होता. हाक ऐकू येणं आणि ओ देणं यांच्यामध्ये आजीनं थोडी जागा ठेवली होती. त्या जागेत थांबायचं, कान द्यायचा, आवाज पारखायचा. कोण आहे? कुठून येतोय? का बोलावतोय?

जपानमध्येही अशीच समजूत आहे, हे कळलं तेव्हा मला आजीला सांगावंसं वाटलं. पण ती जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तिथल्या डोंगराळ भागातल्या लोकसमजुतींत एकदाच मारलेली हाक ही माणसाची नव्हे, असं मानतात. फोन उचलल्यावर जपानी माणूस म्हणतो ‘मोशी मोशी’. मूळ शब्दाचा अर्थ ‘बोलतो बरं का’ असा नम्रपणे सांगणं. १८९० मध्ये तोक्यो आणि योकोहामा यांच्यामध्ये दूरध्वनी सुरू झाला, आणि पुढे हा शब्द फोनला चिकटला. तो दोनदा का म्हणायचा, याचं लोकांनी दिलेलं कारण मात्र आजीच्या घराण्यातलं आहे. भुताला, रूप पालटणाऱ्या कोल्ह्याला तो शब्द एकदाच म्हणता येतो. दोनदा म्हटलात तर तुम्ही माणूस. भाषेचे अभ्यासक हे कारण खरं मानत नाहीत. पण लोकांना ते सुचावं, यातच सगळं आलं. जो दिसत नाही त्याच्या आवाजावर विश्वास ठेवायचा तर काहीतरी खूण पाहिजे, ही गरज इथेही आहे आणि तिथेही.

आमच्या घरी फोन आला तो १९९६ च्या पावसाळ्याआधी. काळा नव्हे, राखाडी, बटणांचा. बाबांनी नंबर लावून कित्येक वर्षं झाली होती. पडवीत भिंतीला फळी ठोकून त्यावर तो ठेवला आणि आईनं भरतकाम केलेला रुमाल त्यावर टाकला. पहिल्यांदा वाजला तेव्हा आम्ही सगळे धावलो. आजी तेवढी पाटावर बसल्या जागी म्हणाली, “थांबा. तीनदा वाजवंदे.” तेव्हा आम्ही हसलो होतो. पण तो घरचा रिवाज होऊन बसला. तिसरी घंटी झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी रिसीव्हर उचलायचं नाही. पुढे आजी गेल्यावरही.

फोनचा जन्मच एका हाकेतून झाला, हे मी खूप नंतर वाचलं. १० मार्च १८७६ ला बोस्टनमध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी तारेतून पहिलं समजेल असं वाक्य पाठवलं ते काय होतं? मदतनिसाला नावानं मारलेली हाक: वॉटसन, इकडे या, मला तुम्ही हवे आहात. वॉटसन होते कुठे, तर शेजारच्या खोलीत. म्हणजे जगातला पहिला फोन दूरच्या माणसाला केलेला नव्हताच. हाक मारणारा भिंतीपलीकडे होता. आणि हे टॉमस वॉटसन तरुणपणी मृतात्म्यांना बोलावण्याच्या बैठकांना जात. तारा नव्या होत्या, रात्री त्यांच्यावर दुसरा कसला गोंगाट नसे. वॉटसन तासन्‌तास कानाला यंत्र लावून तारेवरचे चमत्कारिक आवाज ऐकत बसत. चुरचुर, चिवचिव, कुठूनतरी आलेला फटाका. ज्या माणसानं फोन घडवायला हात लावला, त्यालाही पलीकडे नक्की कोण आहे याची खात्री नव्हती.

त्या लघुपटाची खरी कळ मला इथे सापडली. फोन कशासाठी? दूरच्याला जवळ आणण्यासाठी. आपण बोलतो तेव्हा मनात एक अंतर धरूनच बोलतो: ती पुण्यात, मी मुंबईत. लघुपट ते अंतर काढून घेतो. मुलगा फोनमध्ये विचारतोय, पलीकडचा दूर कुठेतरी आहे असं समजून, आणि पलीकडचा त्याच्या कोपराला कोपर लावून बसलाय. तो दूर कधी नव्हताच. जपानी शाळांत मुलं एकमेकांना सांगतात ती मेरीसानची गोष्टही हीच. एका मुलीनं आपली बाहुली टाकून दिली. रात्री फोन येतो: मी मेरी, मी कचऱ्याच्या ढिगाजवळ आहे. मग: मी मेरी, मी तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. मग दाराशी. शेवटचा फोन: मी मेरी, मी तुझ्या मागे आहे. लघुपटातला फोन टाकलेल्या सामानात सापडावा, यात त्या गोष्टीची ओल नक्की आहे. शाळेच्या आवारात पिकणाऱ्या अशा गोष्टींना जपानमध्ये १९९० च्या दशकात फार भर आला होता. तोरू त्सुनेमित्सु नावाच्या माध्यमिक शाळेतल्या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी गोळा केल्या, १९९० मध्ये पुस्तक काढलं आणि मग पुस्तकं, चित्रपट, टीव्ही यांची रांग लागली. लोककथा म्हणजे म्हाताऱ्यांकडून मुलांकडे येणारी, असं आपण धरून चालतो. इथे मुलांनी त्या स्वतः घडवल्या, आणि घडवताना हाताशी असलेलीच वस्तू घेतली.

आमच्याही कॉलेजात होतंच ना. २००६-०७ च्या सुमाराला कुणीतरी सांगितलं, लाल अक्षरांत नंबर आला तर उचलू नका, कानातून रक्त येऊन माणूस मरतो. २००७ मध्ये पाकिस्तानात हीच अफवा इतकी माजली की तिथल्या मोबाइल कंपन्यांना असं काही होत नाही म्हणून खुलासा करावा लागला. माझा फोन काळ्या-पांढऱ्या पडद्याचा होता, त्याच्यावर लाल अक्षरं उमटणं शक्यच नव्हतं. तरी हॉस्टेलमध्ये दोन रात्री मी तो उशाला न घेता टेबलावर ठेवला.

त्याच फोनवर बाबांचा मिस्ड कॉल यायचा.

बाबा एसटीत कंडक्टर. आठवड्यातून दोन-तीनदा त्यांना वस्तीची गाडी असायची; सह्याद्रीच्या पायथ्याच्या कुठल्यातरी गावात रात्री गाडी लावायची, देवळाच्या ओसरीवर किंवा शाळेच्या व्हरांड्यात झोपायचं आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन परत यायचं. २००५ मध्ये त्यांनी मोबाइल घेतला. तेव्हा इनकमिंग फुकट झालं होतं, पण आउटगोइंगचा पैसा पैसा मोजला जायचा. म्हणून मिस्ड कॉल. सगळ्या घरांत होती तशी आमच्याही घरात त्याची एक भाषा ठरली. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन रिंगा म्हणजे डबल ड्युटी लागली, उद्या येत नाही. आणि तीन झाल्या तर खरंच बोलायचं आहे, उचला.

त्यांनी ही भाषा ठरवली तेव्हा ती आजीची आहे हे त्यांच्या तरी लक्षात आलं होतं का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. त्या गावांत रेंज सगळीकडे नसे. एक रिंग देण्यासाठी ते रात्री जेवणानंतर बॅटरी घेऊन टेकाडावर चढायचे, असं त्यांच्यासोबतच्या ड्रायव्हरकाकांनी नंतर सांगितलं. इकडे मी हॉस्टेलवर आणि आई घरी. ते दोघींना एकेक रिंग द्यायचे. रात्री नऊच्या आसपास फोन एकदा वाजून बंद पडायचा आणि दिवस संपायचा. ती एकच हाक अशी होती, जिला ओ द्यायची नव्हती. ओ दिली असती तर उलट त्यांचा रुपया गेला असता.

बाबा गेले त्याला आता सहा वर्षं होतील. त्यांचा नंबर आम्ही रिचार्ज करत राहायला हवा होता, हे सुचलं तेव्हा उशीर झाला होता. आपल्याकडे नंबर बंद झाला की निदान नव्वद दिवस तो कुणाला देत नाहीत. नंतर तो परत बाजारात येतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या लेखी तो नंबर त्यांच्याबरोबर गेला होता, त्यांच्या चष्म्यासारखा, तिकिटांच्या पंचिंग मशीनच्या टिकटिकीसारखा. अधूनमधून मी तो लावायची. बाई सांगायची की हा क्रमांक अस्तित्वात नाही. का लावायची, तर नाही म्हणणाऱ्या त्या बाईचा आवाजही त्या नंबराशी जोडला गेला होता म्हणून.

साधारण वर्षानं, एका रविवारी संध्याकाळी मी तो लावला आणि रिंग गेली.

एकच गेली. मी कट केला. हात इतका थरथरत होता की फोन ओट्यावर ठेवला आणि नुसती बघत उभी राहिले. दहा-बारा मिनिटांनी तो वाजला. पडद्यावर ‘बाबा’ असं नाव. खाली फोटो मात्र दुसराच, लाल मोटारसायकल, हँडलला झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू.

आता मला सगळं स्वच्छ समजतं. फोनला माणूस कळत नाही, आकडे कळतात. दहा आकडे आले की तो आपल्या यादीत शोधतो आणि जुळलेलं नाव दाखवतो. नाव माझ्या फोनमध्ये होतं, नंबर कुणा दुसऱ्याच्या सिमकार्डात गेला होता. मोटारसायकल त्याची. यात अतर्क्य असं काहीच नाही. पण त्या क्षणी पडद्यावर ते नाव थरथरत होतं, आणि मला बाकी काही समजत नव्हतं. मी मोजत होते. एक. पोचले. दोन. उद्या येत नाहीत. तीन.

तिसरी झाल्यावर मी उचलला.

“हॅलो, मिस कॉल होता तुमचा.” विशी-बाविशीचा आवाज. मागे कुकरची शिट्टी, कुणीतरी टीव्ही लावलेला. मी म्हटलं, चुकून लागला. तो म्हणाला, “बरं ताई,” आणि त्यानं ठेवून दिला.

भीती वाजताना वाटली नव्हती, हे मी अगदी खरं सांगते. वाजत होता तोवर एक वेडी आशाच होती. भीती वाटली ती तो ‘बरं ताई’ म्हणाला त्याच्यानंतर, ओट्यापाशी. त्या लघुपटातला मुलगा पलीकडच्याला दूर समजत होता आणि तो शेजारी निघाला. मी ज्यांना इतकी वर्षं एका रिंगेच्या अंतरावर धरून होते, ते तिथे नव्हते. तिथे एका गुणी मुलाचं घर होतं आणि त्यांचा कुकर झाला होता.

तो जपानी लघुपट मी पाहिला त्याच्या थोडंच आधी, जपानमधल्याच एका फोनविषयी वाचलं होतं. ईशान्य जपानमधल्या ओत्सुची गावात इतारू सासाकी नावाच्या गृहस्थांनी २०१० मध्ये आपल्या बागेत एक पांढरी, काचांची टेलिफोनची खोली उभी केली. आत काळा, चकतीचा फोन. तार कुठेही जोडलेली नाही. चुलतभाऊ गेला होता, त्याच्याशी बोलता यावं म्हणून. २०११ च्या मार्चमध्ये त्सुनामी आली आणि त्या गावातली हजाराहून जास्त माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. सासाकींनी ती खोली सगळ्यांसाठी मोकळी केली. लोक येतात, चकती फिरवून वाहून गेलेल्या घराचा नंबर लावतात, आणि बोलतात. त्याला वाऱ्याचा फोन म्हणतात. ज्या देशानं मेलेल्याच्या फोनची इतकी भीती रंगवली, त्याच देशानं हाही फोन उभा केला, याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटलं होतं. आता वाटत नाही. एका ठिकाणी ते आपल्याला हाक मारतात आणि आपण ओ देतो. दुसऱ्या ठिकाणी आपण हाक मारतो. वाऱ्याचा फोन वाजत नाही. कुणी परत फोन करत नाही. माझं चुकलं असेल तर एवढंच, की मी वाजू शकणाऱ्या फोनवर हाक मारली.

गेल्या मे महिन्यात भाची राहायला आली होती. चौदा वर्षांची. तिला भयपटांचं वेड, म्हणून मी तिला तो लघुपट दाखवला, या वेळी लॅपटॉपवर. ती शांतपणे बघत होती. पांढरा मुलगा दिसला तेव्हा थोडी मागे सरकली. संपल्यावर म्हणाली, “पण त्यानं उचललाच कशाला?”

“वाजत होता म्हणून,” मी म्हटलं.

“वाजला म्हणून काय झालं? अनोळखी नंबर कोण उचलतं, मावशी?”

मला एकदम जाणवलं की तो लघुपट समजायला, फोन वाजला की उचलायचाच, अशी सवय असलेलं जग लागतं. आम्ही त्या जगात वाढलो. घंटी वाजली की जेवणाच्या पानावरून उठून धावलो, आंघोळ अर्धी टाकून बाहेर आलो. न उचलणं हा कुणाचातरी अपमान होता. हिच्या पिढीला कर्ज देणारे, लॉटरी लागल्याचं सांगणारे, पोलिस असल्याचं सोंग आणून धमकावणारे इतके आवाज रोज हाका मारतात की ओ न देणं हाच तिचा पहिला धडा. तिचा फोन कायम मुका असतो. वाजत नाही, नुसता गुरगुरतो.

“आणि कुणी खरंच अडचणीत असलं तर?” मी विचारलं.

तिनं थोडा विचार केला. “लागोपाठ तीनदा आला तर उचलते मी. फ्रॉडवाले तीनदा करत नाहीत बहुतेक.”

तिनं आजीला पाहिलेलंही नाही. आजी गेली तेव्हा तिची आई कॉलेजात होती. हे तुला कुणी सांगितलं, असं मी विचारलं तर म्हणाली, कुणी नाही, असंच.

आम्ही ताटं घेतली. पिठलं-भात होता. ती बाबांबद्दल काहीतरी विचारत होती, वस्तीच्या गाडीबद्दल, ते देवळात झोपायचे तेव्हा घाबरायचे का, वगैरे. टेबलावर पालथा ठेवलेला तिचा फोन गुरगुरायला लागला. तिनं उलटवून बघितलं, नाव नव्हतं, नुसता नंबर. परत पालथा ठेवला. तो थांबला. मिनिटभरानं परत सुरू झाला आणि पाण्याच्या भांड्याला लागून बारीक किणकिणत राहिला. तोही थांबला.

आम्ही दोघी घास हातात घेऊन त्याच्याकडे बघत बसलो.